ती रात्र खरी की तो कॅफे खरा?

सल्ला मागणारं हे पत्र बरंच मोठं होतं आणि मजेशीर पण होतं, त्यातलं ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते.

लिहिणारी २९ वर्षांची आहे. अडीच महिन्यांपूर्वी रात्रीच्या फ्लाइटसाठी एअरपोर्टवर पोचली आणि धुकं पडलं. फ्लाइट आधी एक तास लेट, मग अजून एक तास, असं करत करत पहाटे कॅन्सल, आणि दुसरी मिळेपर्यंत मोजून १६ तास ती तिथेच. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी मुलगा, दोघांच्या मध्ये चालू असलेला चार्जिंग पॉइंट एकच, मग "दहा टक्के तुझे, दहा टक्के माझे" असं ठरलं आणि तिथून गप्पा सुरू झाल्या. पुढच्या अनाउन्समेंटमध्ये कितीचा टाइम सांगतील यावर पैजा लागल्या. रात्री तीनच्या सुमाराला तिने त्याला एक गोष्ट सांगितली जी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, ती म्हणजे तिची नोकरी जाऊन चार महिने झालेत आणि घरी पत्ता नाही, रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन ती बाहेर पडते आणि संध्याकाळी परत येते. हा प्रवाससुद्धा इंटरव्ह्यूसाठी होता, घरी सांगितलं होतं ऑफिसचं काम. तो शांतपणे ऐकत राहिला. सकाळी नंबर दिले-घेतले.

तीन आठवड्यांनी दोघं एका कॅफेत भेटले. रविवारची दुपार, लख्ख ऊन. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, "मग, बाकी काय?" असं त्याने तीनदा विचारलं, दोघांनी आळीपाळीने फोन बघितला आणि ५० मिनिटांत बिल अर्धं अर्धं करून बाहेर. त्यानंतर थोडेफार मेसेज. नऊ दिवसांपूर्वी त्याने धुक्याच्या अलर्टचा स्क्रीनशॉट पाठवून खाली लिहिलं, "परत १६ तास?" हिने अजून रिप्लाय केलेला नाही. एक मैत्रीण म्हणते अगं हे तर रोमँटिक कॉमेडीसारखंच चाललंय, पुढे होणार बघ. दुसरी म्हणते धुकं उतरलं, विषय संपला. ताई, ती रात्र खरी की तो कॅफे खरा? आणि शेवटी एक आयडिया, की पुन्हा धुक्याच्या दिवसांतलं एखादं रात्रीचं तिकीट दोघांनी मुद्दाम काढलं तर?

---

त्या आयडियाकडे शेवटी येते, आधी तुझ्या मैत्रिणींचं बघू, कारण दोघी भांडतायत असं तुला वाटतंय पण मुळात दोघी एकच बोलतायत. दोघींच्या मते जे काही केलं ते धुक्याने केलं. एकीला वाटतं धुक्याने जुळवलं, दुसरीला वाटतं धुक्याने फसवलं. तुम्ही दोघं यात कुठे आहात?

रोमँटिक कॉमेडीचं नाव निघालंच आहे तर त्यातला वादळाचा प्रकार नीट बघूया, कारण मला ही पिक्चरं मनापासून आवडतात आणि त्यांच्यावर उगाच आळ आलेला मला चालत नाही. लेखकाला वादळ कशाला लागतं? त्याच्याकडे दोन माणसं असतात जी एरवी एकमेकांशी दोन मिनिटं पण बोलणार नाहीत, एक उठून जाईल नाहीतर दुसरा हेडफोन लावेल. मग रस्ता बंद करायचा, पूल वाहून न्यायचा, बर्फ पाडायचा, आता जा कुठे जायचं ते. पण याहून मोठी सोय वेगळीच आहे. अडकलेल्या माणसाला "मला तुझ्याजवळ थांबायचंय" हे म्हणावं लागत नाही. पाऊस थांबत नाहीये ना, मी काय करू! सगळं हवामानावर ढकलता येतं आणि दोघांचीही अब्रू शाबूत राहते. तुमचं पण तेच झालं होतं, १६ तासांत एकदाही दोघांपैकी कोणाला ठरवावं लागलं नाही की मी इथे का बसलोय.

आता या प्रकारातला सगळ्यांचा आजोबा म्हणावा असा सिनेमा घे, १९३४ चा, 'इट हॅपन्ड वन नाइट'. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर. आपल्याकडे १९५६ चा 'चोरी चोरी' आणि १९९१ चा 'दिल है के मानता नहीं' हे दोन्ही त्याच गोष्टीवर बेतलेले, त्यामुळे मूळ बघितला नसलास तरी गोष्ट तुला माहीत असणार. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार (हो, नोकरी गेलेला, तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं), दोघं एका बसमध्ये, रात्री धो धो पाऊस, पुढचा पूल वाहून जातो आणि एका खोलीत रात्र काढायची वेळ येते. मध्ये दोरीवर ब्लँकेट टाकून भिंत केली जाते. सगळ्यांना ती ब्लँकेटची रात्रच आठवते. पण त्या रात्री तसं बघितलं तर काहीच होत नाही गं, दोघं आपापल्या बाजूला झोपतात. गंमत होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस थांबल्यावर. तिच्या बापाने पाठवलेले डिटेक्टिव्ह खोलीत येतात आणि हे दोघं काही न ठरवता नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण सुरू करतात, तो ओरडतोय, ही रडतेय, डिटेक्टिव्ह बिचारे ओशाळून निघून जातात. दार लागल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात, की अरे, जमतंय की आपल्याला. माझ्या मते तो सिनेमा तिथे सुरू होतो. पावसाने फक्त दोघांना एका खोलीत आणून ठेवलं, जुळलं ते एक काम दोघांनी मिळून तडीस नेलं तेव्हा.

तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीच्या बाजूने पण एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ती म्हणेल ताईंनी सोयीचं तेवढं सांगितलं. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात एक प्रयोग केला होता. कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, खाली साधारण ७० मीटर खोल दरी, पाय टाकला की हलतो. त्या पुलावर एकट्या पुरुषांना गाठून एका तरुणीने प्रश्नावली भरून घेतली आणि अजून माहिती हवी असेल तर फोन करा म्हणून नंबर दिला. हेच जवळच्या एका पक्क्या, न हलणाऱ्या पुलावर पण केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला, पक्क्या पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. म्हणजे भीतीने धडधडणारं काळीज माणूस समोरच्या बाईच्या खात्यावर टाकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. तुझी मैत्रीण हेच म्हणतेय, तुला धुक्याची धडधड होती.

पण खरं सांग, होती का? तुझ्या पत्रात धडधड कुठेच नाहीये. कंटाळा आहे, पाय आखडलेत, एसी गार आहे, त्याच त्याच अनाउन्समेंट आहेत, समोरच्या बाकावरचे काका घोरतायत. १६ तास काही काळीज धडधडत नाही कोणाचं. झुलत्या पुलावर माणूस काही मिनिटं असतो, तू तर एका कंटाळवाण्या हॉलमध्ये पूर्ण रात्र काढलीस आणि त्या कंटाळ्यात तुला एका माणसाचा कंटाळा आला नाही, ही मला त्या प्रयोगापेक्षा मोठी गोष्ट वाटते. आणि मुळात त्या प्रयोगात फोन केला की नाही एवढंच मोजलंय, पुढे त्या फोनचं काय झालं याचा त्यात हिशोबच नाही. तुझा प्रश्न तर फोननंतरचा आहे.

तर कॅफे. तो का फसला?

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०८ मध्ये परक्या माणसावर लिहिताना एक फार पटण्यासारखी गोष्ट लिहून ठेवलीय, की जवळच्या माणसांपासून आपण जे जपून लपवतो ते परक्यापाशी भडाभडा बोलून टाकतो. झिमेलचा परका आज येतो आणि उद्याही इथेच राहतो, पण आपल्या घराशी, नात्यांशी तो बांधलेला नसतो; तुमच्यासारखा प्रवासातला परका तर उद्या निघूनच जाणार, त्याला सांगितलेलं कुठे फिरून परत येत नाही. मला हे स्वतःला माहितीय. खूप वर्षांपूर्वी दरड कोसळून आमची बस रात्रभर अडकली होती आणि शेजारच्या बाईने पहाटेपर्यंत मला तिच्या लग्नाची अथपासून इतिपर्यंत कथा सांगितली, मी पण तिला बरंच काही सांगितलं जे आजही सांगवत नाही. तिचं नाव मला माहीत नाही. तिच्या सासूला कुठल्या गोळ्या चालू होत्या ते मात्र पाठ आहे.

तर त्या रात्री तुम्ही एकमेकांचे परके होतात. उद्या नव्हता. बोललेलं सगळं धुक्याबरोबर उडून जाणार होतं म्हणून बोलणं स्वस्त होतं. कॅफेत त्याचं उलटं झालं. तिथे कोणी अडकवलेलं नव्हतं, तू बस नाहीतर रिक्षा पकडून स्वतःच्या पायाने आलीस, तो शर्टाला इस्त्री करून आला, म्हणजे येण्यातच दोघांनी कबूल करून टाकलं होतं की मला परत भेटायचंय, आणि ढकलायला हवामान पण नाही, बाहेर लख्ख ऊन! अशा वेळी माणूस "मग, बाकी काय?" म्हणणार नाही तर काय म्हणेल. तीनदा विचारलं म्हणून तू वैतागलीयस, मला मात्र तो बिचारा घाबरलेला दिसतोय. आणि एक सांगू, तुला नुसता कंटाळा आला असता तर तू तीन मोजले नसतेस.

शिवाय त्या ५० मिनिटांत टेबलावर अजून एक गोष्ट बसलेली होती, तुझी नोकरी. त्याला ते माहितीय, तुला माहितीय की त्याला माहितीय, आणि दिवसाउजेडी तो विषय काढायचा कसा हे दोघांनाही कळत नव्हतं. तू लिहिलंयस, "त्याने तो विषय काढला नाही म्हणून मला बरं वाटलं आणि रागही आला." यातच सगळं आलं गं.

इथे मी जरा थांबते, कारण पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझं लक्ष त्या मुलावरून उडालं आणि तुझ्या बॅगवर गेलं. त्या रात्री चार महिने झाले होते, त्यावर अडीच, म्हणजे साडेसहा महिने तू रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून कुठेतरी जाऊन बसतेस. त्या रात्री तुझा इंटरव्ह्यू बुडाला, ते तू एका ओळीत, कंसात लिहिलंयस. कंसात! अख्ख्या जगात ही गोष्ट माहीत असलेला एकच माणूस आहे आणि तो तोच आहे. मग तो खास वाटणारच ना, ओझं उतरवून ठेवायला तुझ्याकडे तेवढा एकच खांदा आहे. तो माणूस म्हणून आवडतोय की त्याच्यासमोर नाटक करावं लागत नाही हे आवडतंय, हे तुलाच काय, मलाही आत्ता सांगता येणार नाही, आणि जोवर घरी माहीत नाही तोवर ते कळायचंही नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, आधी घरी सांग. त्याला रिप्लाय करायच्या आधी. एकदम सगळ्यांना बसवून सांगायचं नसेल तर घरातल्या त्यातल्या त्यात निवांत माणसाला गाठ, चालता चालता सांग, समोरासमोर बसून डोळ्यात बघत सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. "नोकरी गेली" हे एक वाक्य आणि "तुम्हाला काळजी लागेल म्हणून बोलले नाही" हे दुसरं. ओरडा बसेल, तो नोकरीचा कमी आणि लपवल्याचा जास्त असेल, तो खा. मग बघ हा मुलगा त्यानंतरही तेवढाच आठवतोय का. आठवला तर उत्तमच.

दुसरी गोष्ट. त्या रात्रीवर तू ४० ओळी लिहिल्यायस, मी मोजल्या. त्यातल्या तीसेक तू काय बोललीस यावर आहेत. उरलेल्यात चार्जर, पैजा, काका. त्याच्याबद्दल गोष्टी दोनच. एक, त्याला सेकंडहँड सायकल घ्यायचीय आणि सायकलीतलं काही कळत नाही. दोन, पहाटे काउंटरवर गर्दी उसळली तेव्हा तो आधी एका आजी-आजोबांना रांगेत उभं करून, त्यांचं तिकीट बदलून घेऊन मग स्वतःच्या रांगेत गेला, आणि काउंटरवरच्या मुलीवर सगळे ओरडत होते तेव्हा हा ओरडला नाही. तू हे असंच जाता जाता लिहिलंयस. अगं, त्या रात्रीची सगळ्यात खरी माहिती ही आहे! तुझ्याशी तो गोड वागला याला मी फार मार्क देणार नाही, नवीन माणसाशी बरेच जण गोड वागतात. झोप झालेली नसताना, फ्लाइट गेलेली असताना, ज्यांच्याकडून काहीही मिळणार नाही अशा माणसांशी तो कसा वागला ते हवामानाला घडवता येत नाही.

पण एवढंच. बाकी तुला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, आणि मला थोडी भीती वाटते ती याचीच. व्हर्जिलच्या 'इनीड' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन महाकाव्यात एक वादळ आहे. राणी डायडो आणि परदेशातून आलेला इनियस शिकारीला गेलेले, अचानक वादळ येतं, सगळे पांगतात आणि दोघं एकाच गुहेत शिरतात. त्यानंतर डायडो त्याला लग्न म्हणायला लागते. आणि निघायची वेळ येते तेव्हा इनियस म्हणतो, मी असं वचन कधी दिलंच नव्हतं. गुहा एक, पाऊस एक, आणि दोघांनी अर्थ दोन काढले. ती शोकांतिका आहे, रोमँटिक कॉमेडी नव्हे, आणि मला विचारशील तर फरक केवळ एवढ्यानेच पडला की त्या दोघांनी पाऊस थांबल्यावर एकमेकांना विचारलंच नाही की तुझ्यासाठी हे काय होतं. तू मला विचारतेयस ती रात्र खरी की कॅफे खरा. अगं मला काय विचारतेस, तिथे दुसरा माणूस होता ना!

आता ती तिकिटाची आयडिया. वाचून मी जोरात हसले आणि मग म्हटलं नको गं बाई. एक तर धुकं आपल्या सोयीने पडत नाही, आकाश निरभ्र हवं, वारा पडलेला हवा, हवेत दमटपणा हवा, जमीन रात्रभर गार होत जायला हवी, यातलं एक बिघडलं की फ्लाइट वेळेवर सुटते आणि तुम्ही दोघं कारण नसताना भलत्याच शहरात. पण खरी अडचण वेगळी आहे. ठरवून अडकायला गेलात की ते अडकणं राहतच नाही, मग ती एक महागडी, १६ तासांची डेट होते, आणि तुम्हाला ५० मिनिटांची झेपली नव्हती. 'ग्राउंडहॉग डे' नावाच्या १९९३ च्या सिनेमात हवामान सांगणारा एक माणूस (ज्याचा हिमवादळाचा अंदाज स्वतःचाच चुकलेला असतो) एका छोट्या गावात अडकतो आणि तोच दिवस त्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येत राहतो. एका मुलीबरोबर एक संध्याकाळ फार छान गेलेली असते, ती तो जशीच्या तशी परत घडवायला बघतो, तेच बोलतो, तशीच बर्फाची मस्ती करतो, आणि दर वेळी थोबाडीत खातो. बिल मरे आहे त्यात, नक्की बघ, पण तिकीट काढू नकोस.

अजून एक गोष्ट, ही तुझ्यापेक्षा बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी जास्त आहे कारण अशी पत्रं मला अधूनमधून येतात. सिनेमातलं वादळ बाईला एका अनोळखी पुरुषाबरोबर बंद खोलीत टाकतं आणि आपण हसतो, कारण लेखकाने आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं की तो चांगला आहे. खऱ्या आयुष्यात असं कोणी सांगत नाही. तुझ्या वेळी आजूबाजूला शेकडो माणसं होती, दिवे होते, कॅमेरे होते, मनात आलं असतं तर उठून दुसऱ्या खुर्चीवर जाता आलं असतं. जिथे तसं नसेल तिथे गोडवा बाजूला ठेवून आधी कोणाला तरी मेसेज करून सांगायचं की मी कुठे आहे, कोणाबरोबर आहे, आणि बॅटरीचे शेवटचे दहा टक्के कोणालाही वाटून द्यायचे नाहीत. सिनेमात पहिला अर्धा तास जो खेकसतो तोच पुढे हिरो निघतो, बाहेर तो बहुतेक वेळा पुढेही खेकसतच असतो. ज्यांनी नंबर घेतला नाही आणि आता हळहळतायत त्यांनी एअरलाइनला फोन करून दुसऱ्या प्रवाशाचं नाव मागू नये, ते देणार नाहीत आणि देऊही नये. आणि त्या माणसाचा चोरून काढलेला फोटो "कोणी ओळखतं का" म्हणून इंटरनेटवर टाकणं तर अजिबातच नको, तुम्हाला ते गोड वाटेल, त्या माणसाने घरी काय सांगितलं असेल कोणास ठाऊक. आणि ज्यांचं घरी कोणीतरी वाट बघत होतं आणि तरी अशी एक रात्र झाली, त्यांनी त्या रात्रीत काय बोललो ते आठवून बघावं. जे परक्याला सांगितलं ते घरी का सांगता येत नाही हा प्रश्न त्या परक्यापेक्षा जुना असतो.

तर परत तुझ्याकडे. घरी सांगून झालं की (उद्या नाही, पण पुढच्या पत्रात "अजून नाही सांगितलं ताई" असं नको) त्याला रिप्लाय कर. नऊ दिवस झालेत, उशीर का झाला याचा निबंध लिहू नकोस, "घरी थोडं काम होतं, सांगेन" बास. परत कॅफेत भेटू नका. समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये टेबल म्हणजे तुझ्यासाठी तर अजून एक इंटरव्ह्यू आहे, कशाला! शेजारी शेजारी असावं आणि हातात काहीतरी काम असावं. त्या रात्री तुमच्याकडे चार्जर होता, पैजा होत्या, नजर अनाउन्समेंटच्या स्क्रीनवर होती, एकमेकांकडे बघायची सक्ती नव्हती. आणि काम तर त्याने स्वतःच देऊन ठेवलंय तुला. तू पत्रात दुसऱ्याच कुठल्यातरी संदर्भात लिहिलंयस की शाळेपासून तू सायकल चालवतेस आणि पंक्चर स्वतः काढतेस. त्याला सायकल घ्यायचीय आणि त्यातलं काही कळत नाही. दिवसाची वेळ, चार लोकांत, दोन-तीन सायकली बघायच्या, चेन बघायची, रिम वाकडी फिरतेय का ते चाक फिरवून बघायचं, भाव करायचा, एक चक्कर मारून बघायची. भाव करताना तुम्ही दोघं एका बाजूला असाल. तो किती पटकन वैतागतो, तुझं ऐकतो की आपलंच खरं करतो, विकणाऱ्याशी कसा बोलतो, आणि तू "नोकरी गेलेली मुलगी" नसताना त्याच्याशी कशी बोलतेस, सगळं दिसेल. जमलं नाही तर निदान त्याला सायकल बरी मिळेल.

आणि त्या दिवशी कधीतरी, मध्येच, चाक फिरवता फिरवता विचार त्याला, तुला त्या रात्रीचं काय वाटतं. तो "कसली रात्र" म्हणाला तर उत्तर मिळालं. तो लांबण लावून काहीतरी सांगायला लागला तर या वेळी तू ऐक, तुझ्या पत्रात त्याच्या वाट्याला फार कमी ओळी आल्यायत.

धुक्याच्या त्या स्क्रीनशॉटला मात्र उत्तर देत बसू नकोस. नुसतं विचार, "सायकल घेतलीस का?" घेतली म्हणाला तर ब्रेक बघायला जा.